वेचलेले आणि वगळलेले : मराठी क्रमिक पुस्तकांच्या इतिहासाविषयी

मराठी साहित्याचे इतिहास वाचताना एक गोष्ट सहज ध्यानात येते. ग्रंथकार, नियतकालिके, वाङ्मयीन वाद, संस्था, संमेलने या सर्वांना तेथे प्रकरणे मिळतात. परंतु बहुसंख्य मराठी माणसांच्या हाती जी पुस्तके प्रत्यक्ष पडली, आणि अनेकांच्या बाबतीत जी आयुष्यातली एकमेव मराठी पुस्तके ठरली, त्या क्रमिक पुस्तकांची बोळवण एखाद्या परिच्छेदात होते. जणू साहित्य आधी निर्माण झाले आणि शाळेने ते नंतर केवळ वाटून दिले. इतिहास मात्र अनेक ठिकाणी याच्या उलट घडलेला दिसतो. छापील मराठी गद्याचा मोठा आरंभीचा भाग शाळेसाठी लिहिला गेला. जुन्या मराठी कवितेचे जे चित्र आपण आजही मनात बाळगतो, त्याच्या रेषा एका शालेय संग्रहाने ओढल्या. आणि आपण शुद्ध म्हणून जे लिहितो त्याचे नियमही बऱ्याच अंशी शाळेच्या पुस्तकांच्या निमित्ताने भांडून ठरले.

अभ्यासक्रम आखणे हे साहित्यसमीक्षेचेच एक कृत्य आहे, आणि कदाचित सर्वांत परिणामकारक कृत्य आहे, असे आमचे म्हणणे आहे. समीक्षकाने एखाद्या कवीला थोर म्हटले तर त्यावर वाद होतो. क्रमिक पुस्तकाने त्याला घेतले तर तो पाठ होतो. हे कृत्य करणाऱ्याला प्रत्येक वेळी दोन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. पहिला, मराठी म्हणजे कोणती मराठी? दुसरा, मूल म्हणजे कोणाचे मूल? गेल्या दोनशे वर्षांत पहिल्या प्रश्नावर विद्वानांनी मोठ्या आवाजात वाद घातले. दुसऱ्याचे उत्तर बहुतेक वेळा चर्चा न होताच देऊन टाकले गेले. या दोन प्रश्नांच्या आधाराने हा इतिहास पुन्हा वाचून पाहण्याचा येथे विचार आहे.

छापील पुस्तक येण्यापूर्वी अभ्यासक्रम नव्हताच, असे मानण्याची आपल्याला सवय आहे. ती सोडलेली बरी. पंतोजींच्या शाळेत पुस्तक नव्हते, पण क्रम पक्का होता. धूळपाटीवर मुळाक्षरे गिरवायची, मग बाराखडी, मग जोडाक्षरे. पुढे मोडीचा कित्ता. त्याबरोबर पाढे, पावकी, निमकी, सवायकी, दिडकी. आणि तिन्हीसांजेला परवचा. या क्रमाचा हेतूही स्पष्ट होता. मुलाला हिशेब करता यावा, खतपत्र वाचता यावे, दफ्तरात किंवा पेढीवर बसता यावे. येणारी मुले मुख्यतः ब्राह्मणांच्या आणि व्यापारी-कारकुनी पेशाच्या घरांतील मुलगे असत. मुली, शेतकऱ्यांची पोरे आणि गावकुसाबाहेरची वस्ती यांचा या क्रमाशी जवळपास संबंध नव्हता.

आणखी एक बाब साहित्याच्या विद्यार्थ्याने टिपून ठेवावी. या शाळेत कविता हा विषय नव्हता. कविता होती ती कीर्तनात, पुराणात, भजनात, वारीच्या वाटेवर, जात्यावर आणि तमाशाच्या फडात. मनाचे श्लोक घरी म्हटले जात. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही शेकडो ओव्या आणि अभंग तोंडपाठ असू शकत. लिहिण्याचे शिक्षण आणि कवितेचे शिक्षण ही दोन वेगळी क्षेत्रे होती, आणि दुसऱ्या क्षेत्राचे दार पहिल्यापेक्षा पुष्कळच रुंद होते.

पेशवाई १८१८ मध्ये संपली. १८१९ ते १८२७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी शाळा आणि पुस्तके यांचा विचार राज्यकारभाराचा भाग म्हणून केला. मुंबईत १८२२ मध्ये शाळा आणि शालेय पुस्तके यांसाठी एक मंडळी स्थापन झाली. १८२७ मध्ये तिला 'बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी' हे नाव मिळाले. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी शास्त्र्यांच्या मदतीने गणिताची पुस्तके मराठीत आणली. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे 'बाळमित्र' १८२८ मध्ये निघाले. ते मुळात बेर्कें या फ्रेंच लेखकाच्या मुलांसाठीच्या गोष्टींवर आधारलेले होते आणि इंग्रजीच्या वाटेने मराठीत उतरले होते. इसापच्या कथाही याच सुमारास छत्र्यांनीच मराठीत आणल्या. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले.

या यादीकडे पाहिले की लक्षात येते की मराठी शालेय गद्यात आरंभी जे मूल अवतरले ते अनुवादित मूल होते. त्याचे घर, त्याचे सद्गुण, त्याच्या चुका आणि त्याला मिळणारा उपदेश ही सारी दुसऱ्या समाजातून आली होती. यात दोष काढण्याचा आमचा हेतू नाही. ज्या भाषेत मुलांसाठी छापील गद्यच नव्हते त्या भाषेत छत्र्यांनी जे केले ते मोठेच काम होते, आणि त्यांची भाषा पुष्कळ ठिकाणी आजही प्रसन्न वाटते. पण ज्या मुलासाठी पुस्तक लिहायचे ते मूल कसे असते हे पाहण्याची गरज त्या वेळी भासली नाही, एवढे नोंदवून ठेवू.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्याच काळात अगदी स्पष्ट शब्दांत लिहिले गेले. एल्फिन्स्टन यांनी १८२४ च्या सुमारास शिक्षणाविषयी जे प्रसिद्ध टिपण लिहिले, त्यात सर्वांत खालच्या गणल्या गेलेल्या जातींची मुले मिशनऱ्यांना उत्तम विद्यार्थी वाटतात, हे त्यांनी मान्य केले आहे. आणि लगेच सावधगिरीचा इशारा दिला आहे : या जातींना विशेष उत्तेजन देताना जपावे, कारण नवे शिक्षण आधी त्यांच्यात रुजले, तर ते पुढे इतरांत पसरणारच नाही. राज्यकर्त्याच्या दृष्टीने हा व्यवहारी विचार होता. पण त्याचा अर्थ असा की हे मूल चांगले शिकते हे कळल्यानंतर, जाणून-बुजून, त्याला रांगेत मागे उभे करण्यात आले. पुढे जी पुस्तके तयार झाली ती रांगेत पुढे असलेल्या मुलांसाठी झाली.

या पुस्तकांच्या भाषेवर ज्याची छाप सर्वांत खोल उमटली तो माणूस म्हणजे मेजर थॉमस कँडी. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात ते होते; कोशाची १८५७ मधील दुसरी आवृत्ती त्यांच्या साहाय्याने सिद्ध झाली. पुण्याच्या संस्कृत पाठशाळेवर त्यांनी देखरेख केली, सरकारी मराठी भाषांतरांची जबाबदारी सांभाळली, आणि १८५७ नंतरच्या काही वर्षांत जी सरकारी क्रमिक पुस्तकांची माला निघाली तिच्यावरही त्यांचाच हात फिरला. १८५० मध्ये त्यांनी 'विरामचिन्हांची परिभाषा' ही पुस्तिका लिहिली. आज आपण स्वल्पविराम आणि पूर्णविराम न देता मराठी वाक्याची कल्पनाही करू शकत नाही. पण मोडीत शब्द न तोडता सलग लिहिण्याची वहिवाट होती. शिरोरेघ ओढून घ्यायची आणि तिच्याखाली अक्षरे लिहीत जायचे. वाचणाऱ्याने आपल्या जाणकारीने शब्द आणि वाक्ये वेगळी करायची. विरामचिन्हे आली तेव्हा वाक्य कोठे संपते हे ठरवण्याचे काम वाचकाकडून लेखकाकडे आले. शाळेत हे वळण लागल्यामुळेच ते भाषेत स्थिरावले.

कँडी यांच्या हाताखाली काम करणारे मराठी पंडित सामान्य नव्हते. परशुराम बल्लाळ ऊर्फ परशुरामतात्या गोडबोले हे त्यांपैकी एक. १८५४ मध्ये त्यांचा 'नवनीत अथवा मराठी कवितांचे वेचे' हा संग्रह प्रसिद्ध झाला. साहित्याच्या विद्यार्थ्याला या एका पुस्तकाचा जितका विचार करावा तितका थोडाच आहे. जुन्या मराठी कवितेचा वेगवेगळ्या पोथ्यांतून विखुरलेला संभार गोडबोल्यांनी एका छापील पुस्तकात कवीवार मांडून दिला. हे पुस्तक शाळांतून चालले, त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या, आणि पुढच्या दोन-तीन पिढ्यांच्या शिकलेल्या माणसांची प्राचीन कवितेशी पहिली भेट यातूनच झाली.

येथे 'वेचा' हा शब्द महत्त्वाचा आहे. वेचणे म्हणजे निवडून उचलणे, आणि वेचायचे तर बाकीचे ठेवून द्यावेच लागते. प्रत्येक संग्रहकाराला हे करावे लागते, आणि गोडबोले यांनी ते जाणकारीने केले. तरीही या पद्धतीने कवितेचे दोन बाबतींत रूपांतर झाले. पहिली गोष्ट म्हणजे कविता तिच्या प्रसंगापासून सुटली. वारीत म्हटला जाणारा अभंग, कीर्तनात उभी राहणारी आर्या, पुराणिकाने रंगवलेली ओवी या साऱ्या आता एकाच मापाच्या छापील ओळी झाल्या. त्यांचे शब्दार्थ सांगायचे, अन्वय लावायचा, व्याकरण चालवायचे आणि परीक्षेत अर्थ लिहायचा. ऐकण्याची कविता उलगडण्याची झाली. दुसरी गोष्ट म्हणजे जी कविता उलगडायला अधिक वाव देते तिची किंमत शाळेत आपोआप वाढली. वामन आणि मोरोपंत यांच्यासारख्या पंडित कवींना अभ्यासात जे मानाचे पान मिळाले, त्याला त्यांच्या गुणांबरोबर हेही एक कारण होते, असे आम्हांस वाटते. यमके, समास, श्लेष असलेली कविता प्रश्नपत्रिकेला फार सोयीची असते. व्याकरणकार दादोबांनी मोरोपंतांच्या 'केकावली'वर 'यशोदा पांडुरंगी' ही टीका लिहावी, आणि पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त मोरोपंतांच्या कवितेची कैवारी बाजू घ्यावी, हे या शालेय अभिरुचीच्या पार्श्वभूमीवर अधिक नीट समजते.

ज्या १८५४ साली 'नवनीत' निघाले, त्याच साली चार्ल्स वुड यांचा शिक्षणविषयक खलिता आला, आणि त्यानंतर सरकारी शिक्षणखात्याची उभारणी झाली. आणि त्याच साली सावित्रीबाई फुले यांचा 'काव्यफुले' हा संग्रहही प्रसिद्ध झाला. एका वर्षात निघालेली ही दोन काव्यपुस्तके शेजारी ठेवून पाहावीत. एक जुन्या कवितेतून निवडलेले, शाळेत जाणारे. दुसरे शाळा चालवणाऱ्या एका हयात बाईने स्वतः लिहिलेले, ज्यात शिकण्याची निकड हाच कवितेचा एक विषय आहे. पहिल्याने कवितेच्या अभ्यासाचा पाया घातला. दुसऱ्याची दखल साहित्याच्या इतिहासकारांनी फार उशिरा घेतली.

याहून बोलके उदाहरण पुढच्याच वर्षीचे आहे. १८५५ मध्ये फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग जातीतील मुलीचा 'मांग महारांच्या दुःखाविषयी' हा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला. वेद वाचण्याचा आम्हांला अधिकार नाही, तर मग आमचा धर्म कोणता, असा प्रश्न ती त्यात विचारते. डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या स्त्रियांच्या यातना ती सांगते. हे गद्य कोणत्याही क्रमिक पुस्तकाच्या साच्यातून आलेले नाही. मुलाने काय वाचावे याचा विचार शिक्षणखाते पुढे अनेक वर्षे करीत राहिले. मूल काय लिहू शकते याचा पुरावा तोवर छापून झाला होता. तो पुरावा अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी पुरावा म्हणून वाचला नाही.

महात्मा फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, ते आपण सामाजिक इतिहासाचा दस्तऐवज म्हणून शिकवतो. वस्तुतः ते अभ्यासक्रमाचा आराखडाही आहे. प्राथमिक शिक्षण बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करावे ही मागणी सर्वांना ठाऊक असते. पण त्यापुढे ते विषय सांगतात : मोडी आणि बाळबोध लेखन-वाचन, हिशेब, इतिहास-भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य यांवरचे काही सोपे धडे. खेड्यातील शाळेचा अभ्यास शहरातल्यापेक्षा कमी असला तरी चालेल, पण व्यवहारोपयोगात तो उणा नसावा. शक्य तेथे शाळेला नमुन्याचे शेत जोडावे. शिक्षक असा असावा की प्रसंग पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराचे हत्यार हाती धरण्याची त्याला लाज वाटणार नाही. चालू पुस्तके पुन्हा नव्याने रचली पाहिजेत, कारण ती व्यवहाराला धरून नाहीत आणि पुढेही नेत नाहीत, असेही ते बजावतात. येथे प्रथमच कोणीतरी आधी मूल पाहिले आणि मग विषय ठरवले.

तीन वर्षांनी, १८८५ मध्ये, न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यातील ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण दिले तेव्हा फुल्यांनी ते नाकारले. जे लोक माणसाचे हक्क मानत नाहीत त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचा मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा आशय आहे. साहित्याच्या इतिहासात हे पत्र ग्रंथकार सभेच्या संदर्भात येते. आम्हांला ते १८८२ च्या निवेदनाचा पुढचा भाग वाटते. ज्यांच्या मुलांचा विचार न करता पुस्तके झाली, त्यांना त्या पुस्तकांच्या कर्त्यांच्या सभेत आपले काही आहे असे का वाटावे?

पहिल्या प्रश्नावरचा वाद मात्र तोवर जोरात सुरू झाला होता. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८७४ मध्ये 'निबंधमाला' काढली आणि आरंभीच मराठी भाषेच्या तत्कालीन स्थितीवर लिहिले. सरकारी भाषांतरांमुळे आणि इंग्रजी वळणामुळे मराठीचे रूप बिघडते आहे, ही त्यांची तक्रार होती. क्रमिक पुस्तकांची भाषा हे तिचे एक लक्ष्य होते. गंमत अशी की विष्णुशास्त्री हे स्वतः त्याच व्यवस्थेचे अपत्य होते. त्यांचे वडील कृष्णशास्त्री शिक्षणखात्यात मोठ्या पदावर होते, आणि संस्कृत कवींवरचे त्यांचे आरंभीचे निबंध 'शालापत्रका'त आले. आधुनिक मराठी निबंधाचा उगम शाळेसाठीच्या मासिकात आहे, हे आपण विद्यार्थ्यांना क्वचितच सांगतो. पुढे १९०४ मध्ये शालेय पुस्तकांच्या लेखनपद्धतीवरून, विशेषतः अनुच्चारित अनुस्वारांवरून, वाद पेटला आणि लोकमान्य टिळकांनी 'केसरी'त त्यावर लेखमाला लिहिली. तो वाद अखेर मिटायला १९६२ चे मराठी साहित्य महामंडळाचे नियम यावे लागले. विद्यापीठातही असेच घडले. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले; काही वर्षांतच वरच्या परीक्षांतून मराठी बाहेर गेली, आणि ती परत यावी म्हणून रानड्यांना आयुष्याच्या अखेरपर्यंत झगडावे लागले. मराठी वाङ्मयाच्या वाढीविषयी त्यांनी १८९८ मध्ये लिहिलेले टिपण याच खटपटीच्या काळातले आहे.

हे वाद महत्त्वाचे होते यात शंका नाही. पण त्यांत चिपळूणकर, टिळक, रानडे आणि सरकारी अधिकारी हे सारे एका बाबतीत एकमत होते : भाषेचे प्रमाण शिकलेल्यांच्या लेखनातूनच ठरवायचे. शेतकऱ्याच्या मुलाची बोली हा त्या वादातला पक्षच नव्हता.

विसाव्या शतकात शाळेच्या दारात उभे असलेले मूल बदलू लागले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणण्याची कल्पना मांडली. फुल्यांच्या निवेदनातील नांगराची आठवण येथे होते, जरी दोघांच्या विचारांची मुळे वेगळी होती. आणि याच दशकात आचार्य अत्रे यांची 'नवयुग वाचनमाला' आली. अत्रे शिक्षक होते, मुख्याध्यापक होते, अध्यापनशास्त्राच्या पदविकेसाठी लंडनला जाऊन आले होते; आणि 'झेंडूची फुले'चे विडंबनकार म्हणून कृत्रिम भाषेचे शत्रू होते. मुलाला पुस्तक आवडले पाहिजे, त्यातले घर आणि बोलणे त्याला ओळखीचे वाटले पाहिजे, हे तत्त्व त्यांनी क्रमिक पुस्तकात आणले. 'दिनूचे बिल' ही त्यांची गोष्ट ज्यांनी शाळेत वाचली ते ती विसरलेले नाहीत; कारण आईकडे बिल मागणारा दिनू हा खोडकर, हिशेबी, हाडामांसाचा मुलगा आहे. 'बाळमित्रा'पासून दिनूपर्यंतचे अंतर हे मराठी गद्याने शंभर वर्षांत तोडलेले अंतर आहे. अर्थात दिनूचे घरही पांढरपेशा वळणाचे आहे. मूल मराठी झाले. पण सगळी मराठी मुले अजून पुस्तकात आली नव्हती.

अत्र्यांचे दुसरे एक काम याच इतिहासात बसवायला हवे. बहिणाबाई चौधरी यांची गाणी १९५२ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर पुस्तकरूपाने आली, आणि तिला प्रस्तावना अत्र्यांची होती. लिहिता-वाचता न येणाऱ्या खानदेशातील एका शेतकरी बाईची कविता पुढे पाठ्यपुस्तकांत गेली आणि महाराष्ट्रभरच्या मुलांनी ती तोंडपाठ केली. पंतोजींच्या काळात शाळेबाहेर राहिलेली जात्यावरची ओवी सव्वाशे वर्षांच्या वळणानंतर शाळेत आली. या घटनेचे महत्त्व आपण कौतुकाच्या पलीकडे जाऊन ओळखले पाहिजे. अक्षरज्ञान नसलेल्या स्त्रीची बोली तेव्हा 'वेचा' ठरली.

२७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, म्हणजेच 'बालभारती', स्थापन झाले. खाजगी वाचनमालांचे युग संपत गेले आणि राज्यभर एक पुस्तक हे सूत्र आले. त्याचा लाभ मोठा होता. पुस्तक स्वस्त झाले, दूरच्या पाड्यावरही तेच पोहोचले, जाणकार संपादक आणि चित्रकार त्यात गुंतले. १९७१ मध्ये 'किशोर' मासिक निघाले. तोटाही होता : वेगवेगळ्या वाचनमालांमुळे अभिरुचीला जी स्पर्धा होती ती उरली नाही, आणि एका समितीची निवड हीच साऱ्या राज्याची निवड झाली. पुस्तकात धडा असणे हा लेखकाचा मान ठरला. परिचयात आजही तो आवर्जून लिहिला जातो.

या पुस्तकांनी निवडीचा परीघ हळूहळू वाढवला, हे न्यायाने सांगितले पाहिजे. नारायण सुर्वे यांचे उदाहरण घ्यावे. गिरणगावात वाढलेले, शाळेत शिपाई आणि पुढे शिक्षक झालेले सुर्वे. त्यांच्या १९६६ च्या संग्रहाचे नावच 'माझे विद्यापीठ'. त्यांची कविता क्रमिक पुस्तकात आली. ग्रामीण आणि दलित लेखकांचे गद्य आले, आत्मचरित्रांतील उतारे आले. एल्फिन्स्टन यांनी ज्यांना रांगेत मागे ठेवले होते, त्यांच्या नातवंडा-पतवंडांचे लेखन आता धडा झाले.

तरीही दुसरा प्रश्न सुटला असे आम्हांस वाटत नाही. त्याने जागा बदलली आहे. पुस्तकात बोलीतली कविता असते, तिच्याखाली कठीण शब्दांचे अर्थ प्रमाण मराठीत असतात, आणि मुलाने उत्तरही प्रमाण मराठीतच लिहायचे असते. कवितेत जो शब्द सौंदर्य म्हणून शिकवला जातो, तोच शब्द त्या भागातल्या मुलाने उत्तरपत्रिकेत लिहिला की त्याखाली लाल रेघ येते. म्हणजे बोली वाचण्याजोगी मानली गेली, लिहिण्याजोगी नाही. आणि ज्याच्या घरी गोंडी, कोरकू किंवा भिलीची बोली बोलली जाते त्या मुलाच्या बाबतीत तर मराठीचे पहिले पुस्तक हेच परभाषेचे पुस्तक असते. प्रमाण भाषा शिकवू नये असे येथे म्हणायचे नाही. ती मुलाला मिळालीच पाहिजे. फुल्यांनीही व्याकरण वगळलेले नव्हते. पण मुलाच्या हाती आधीच जी भाषा आहे तिला चूक न ठरवता प्रमाण भाषा कशी द्यावी, याचे उत्तर पुस्तकात धडे बदलून मिळणार नाही. ते मूल्यमापनात, लेखनाच्या सरावात आणि शिक्षकाच्या शिक्षणात शोधावे लागेल.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये जाहीर झाल्यापासून नवे आराखडे आणि नवी पुस्तके यांचे काम हाती घेतले गेले आहे. अशा वेळी साहित्याच्या विभागांनी आपला त्याच्याशी काय संबंध, असे म्हणून बाजूला राहणे बरे नाही. आमची सूचना साधी आहे. मराठीच्या पदव्युत्तर वर्गात क्रमिक पुस्तक हा साहित्याच्या इतिहासाचा साधनग्रंथ म्हणून वाचला जावा. 'नवनीत', अत्र्यांची वाचनमाला आणि बालभारतीच्या निरनिराळ्या दशकांतील पुस्तके एकत्र ठेवावीत, आणि विद्यार्थ्यांना विचारावे : येथे कोण निवडले गेले, मूळ लेखनातला कोणता भाग कापला गेला, कोणत्या शब्दाला अर्थ देण्याची गरज वाटली, आणि कोणत्या शब्दाला वाटली नाही? ज्या शब्दाचा अर्थ दिलेला नसतो, तो सर्वांना ठाऊक आहे असे संपादकाने गृहीत धरलेले असते. त्या गृहीतातच त्याच्या मनातले मूल दिसते.

आणि त्या पुस्तकांच्या शेजारी मुक्ता साळवेचा निबंधही ठेवावा. तिच्यासाठी कोणी वाचनमाला तयार केलेली नव्हती. तिला शाळा मिळाली, अक्षर मिळाले, आणि जे तिला माहीत होते ते लिहिण्याची मुभा मिळाली. एवढ्यावर तिने १८५५ मध्ये जे गद्य लिहिले ते त्या दशकातील कोणत्याही सरकारी पुस्तकातल्या धड्याइतकेच आज वाचनीय आहे. नव्या अभ्यासक्रमाच्या समितीला एकच मसुदा वाचायला द्यायचा झाला, तर आम्ही तिचा निबंध देऊ.